चाळीसपैकी सदतीस

१३ फेब्रुवारी १९८९, सोमवार

तोताराम सरांनी परत सगळं माझ्याच गळ्यात घातलं. "सुनंदाबाई, पुण्याचा कोर्स तुम्हीच केलाय, तेव्हा हे तुमचंच काम." एक वर्षाचा कोर्स काय केला, हेडमास्तरांना हमाल मिळाला. मतिमंद मुलांच्या आमच्या शाळेतल्या चौदा वर्षांवरच्या बावीस मुलांची भाषा तपासायची — किती बोलतात, किती समजतं — आणि मार्चअखेर तक्ते वर पाठवायचे. ज्याला शून्याच्या आसपास गुण, त्याचं नाव कामाच्या वर्गातून काढून सांभाळ वर्गात. सांभाळ वर्ग म्हणजे काय, तर मागच्या पडवीत सतरंजी आणि आमची आया धुरपदाबाई. सकाळी आणून बसवायचं, संध्याकाळी उचलायचं.

तपासणीची पेटी उघडली. चित्रांचे जाड पुठ्ठे, चेंडू, कप, चावी, बाहुली. बाहुलीला सोनेरी केस! चित्रांत जहाज, विमान, टोपीवाला साहेब. असोद्याच्या केळीच्या मळ्यातल्या पोराने जहाज कुठे पाहिलं असेल, ते पेटी बनवणाऱ्याला विचारलं पाहिजे. सूचना मात्र कडक. प्रश्न दोनदाच विचारायचा, दहा सेकंद थांबायचं, हातवारे नाहीत, मदत नाही. उत्तर आलं नाही की शून्य.

सर म्हणाले, "महिनाअखेर निम्मे उरका." यांना उरकणं तेवढं कळतं.

१६ फेब्रुवारी

आज बदाम. कापडवाल्या पुखराजशेठची थोरली. एकोणीस वर्षांची, अंगाने थोराड, डावा पाय ओढत चालते. शाळेत येऊन दोन वर्षं झाली, तोंडातून एक शब्द नाही. समोर कोणी आलं की ओढणी नाकापर्यंत ओढते आणि जिभेने टच्-टच् करते. पाल चुकचुकते ना, तसं.

ही सवय मी दोन वर्षं मोडते आहे. भिंतीवर तिच्या नावाचा तक्ता लावलाय. पाच मिनिटं आवाज नाही — एक चौकोन रंगवायचा, पेपरमिंटची एक गोळी. आवाज केला की ओठांवर बोट. पुण्यात हेच शिकवलं. दिवसाला दोनशेदा करायची, आता चाळीसवर आलंय. माझं हे एक काम धड झालं म्हणून कोणी तपासणीला आलं की तो तक्ता दाखवतेसुद्धा.

सर खुर्ची टाकून बसले. त्यांना बघायचं होतं. बदामने ओढणी ओढली ती सोडलीच नाही. "चेंडू दाखव." टच्. "कप कुठे आहे?" टच्. हात मांडीवरून हलला नाही. शेवटचे दहा प्रश्न होय-नाहीचे, तिथेही तेच — टच्, टच्-टच्. मी लिहिलं : बोलणे नाही. समजण्याचा पुरावा नाही. निरर्थक आवाज आहेत, कमी होत आहेत. एकूण शून्य.

सर उठता उठता म्हणाले, "म्हणजे सांभाळ वर्ग." दोन सेकंदांत निकाल.

१७ फेब्रुवारी

नऊ झाले. घसा बसला. चावी, कप, चेंडू. चावी, कप, चेंडू.

२० फेब्रुवारी, सोमवार

पुखराजशेठ आणि त्यांची आई सायरबाई ऑफिसात आले. बदामच्या तपासणीचा कागद पाहिजे, शाळेच्या शिक्क्याचा. कशाला, ते शेठ सांगेनात. टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसले. शेवटी म्हातारीनेच सांगितलं. धुळ्याच्या डॉक्टरकडून बदामची पिशवी काढून घ्यायची आहे. गर्भाशयाची. पाळी आली की ही सगळीकडे डाग पाडते, कापड ओढून टाकते. जळगावात नको, इथे ओळखीची माणसं. डॉक्टर म्हणाले, मुलीला काही कळत नाही, काही सांगता येत नाही, असं शाळेचं लिहून आणा. मग करतो.

मला राग आला. कुणाचा, ते अजून नक्की कळत नाही. म्हटलं, "आजी, एवढ्याशा कारणासाठी चिरफाड?"

"एवढंसं?" सायरबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही तिला सहा तास बघता. माझे गुडघे गेले. मी किती दिवस पुरणार? उद्या कोणी तिचं काही बरंवाईट केलं आणि दिवस राहिले तर? ती सांगू शकणार आहे का, कोणी केलं ते?"

सर घाम पुसत माझ्याकडे बघत होते. तक्ता तर मीच भरलेला. शून्य मीच लिहिलेलं. टाइप करून आणला, सही केली. सरांनी शिक्का मारला — दोनदा, पहिला पुसट उमटला म्हणून.

२१ फेब्रुवारी

जे दिसलं ते लिहिलं. खोटं काहीही लिहिलं नाही. झालं तर मग.

१ मार्च, बुधवार

हे आजच लिहायला हवं.

पेटीबरोबर एक घरचा फॉर्म असतो. आईला विचारून भरायचा. बदामचा राहिला होता. शाळा सुटल्यावर पुखराजशेठच्या घरी गेले. पुढे दुकान, मागे घर. मधल्या खोलीत गादीवर तिचे आजोबा सुगनचंदशेठ पेपर वाचत बसलेले. बदामची आई आतून पाणी घेऊन आली, गळ्यापर्यंत घुंघट. मी विचारलं, "बदाम रात्री झोपते का नीट?"

ती बोलली नाही. घुंघटाच्या आतून — टच्-टच्.

"हो म्हणते," सायरबाईंनी सांगितलं.

"जेवण हाताने जेवते?" टच्-टच्. "कपडे स्वतः घालते?" टच्. "नाही म्हणते. नाडी बांधता येत नाही."

मी पेन तसंच धरून बसले. सायरबाईंना वाटलं मला राग आला. म्हणाल्या, "सासऱ्यासमोर सून बोलत नाही ना बाई आमच्यात. एकदा वाजवलं की नाही, दोनदा वाजवलं की होय. पाच-सहा वाजवले की इकडे या. मीही सासू-सासऱ्यांसमोर वीस वर्षं असंच केलं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून टच्-टच्-टच्-टच्-टच्. बदामची आई उठून आत गेली. मीही उठले, लाज सोडून मागोमाग गेले. दूध उतू चाललं होतं. बदामने आईला बोलावलं होतं! आईने पातेलं उतरवलं आणि डब्याकडे बोट करून भुवया उडवल्या. बदाम — टच्. दुसऱ्या डब्याकडे बोट. टच्-टच्. त्यातून साखर काढली.

मी दारात उभी. बदामने मला पाहिलं आणि झटकन तोंड मिटून घेतलं. वर स्वतःचंच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं, मी शाळेत ठेवते तसं. मग हात पुढे केला. गोळीसाठी.

सुगनचंदशेठ दुकानात गेल्यावर आईने घुंघट वर केला. आणि बोलली चक्क अहिराणी! माहेर शिंदखेडा. माझंच गाव. "मी काही शिकाडं नही बाई. ती मांडीवर ऱ्हाये, मी सासरासमोर अशी बोलू. तिनी उचली लिधं." ऑपरेशनचं विचारलं. म्हणाली, "माले कोन इचारस?"

२ मार्च

सकाळी सगळ्यांत आधी तो तक्ता भिंतीवरून काढला. चुरगाळला. मग परत सरळ करून चौकोन मोजले, का कोण जाणे. सहाशे अकरा. म्हणजे सहाशे अकरा वेळा मी त्या पोरीला गप्प बसण्याबद्दल गोळी दिली. होय म्हणाली — ओठांवर बोट. नाही म्हणाली — ओठांवर बोट. "इकडे या" म्हणाली तेव्हाही. दोन वर्षं ती मला हाका मारत होती आणि मी तिला सुधारत होते. त्या दिवशी शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरंही तिने दिली होती. मी खाली मान घालून शून्य लिहीत होते.

लाज वाटते. नुसती लाज नाही, स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटतं.

धुरपदाबाईंना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "तिले बठ्ठं, सगळं समजस. मी इचारस, पानी पाह्यजे का, ती सांगस."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही कोर्स करेल शेतस. माले वाटनं तुमले म्हाईत व्हई."

८ मार्च

परत तपासलं. पेटी बाजूला ठेवली. ती पेटी तापीत नेऊन टाकायच्या लायकीची आहे. मी माझे चाळीस प्रश्न काढले, वीसचं उत्तर होय, वीसचं नाही. चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या. चिठ्ठी मी काढायची, प्रश्न मी विचारायचा, आणि उत्तर धुरपदाबाईंनी आमच्याकडे पाठ करून ऐकायचं. एक वाजला की खडूची एक रेघ, दोन वाजले की दोन. म्हणजे माझ्या मनासारखं लिहिलं असं कोणी म्हणायला नको. सरांना खोलीत येऊ दिलं नाही. ते चिडले. चिडू देत.

पहिली दहा मिनिटं ती वाजवेचना. ओठांवर बोट. मी तिच्यासमोर खाली बसले, तिचं बोट धरून खाली घेतलं आणि मी स्वतःच वाजवलं, टच्-टच्. कशी बघत राहिली! मग हसली. एवढे दात दिसले पहिल्यांदाच.

"हा कप आहे का?" — चावी दाखवून. टच्. "धुरपदाबाईंनी आज हिरवं लुगडं नेसलंय का?" टच्-टच्. "काल तू शाळेत आली होतीस का?" टच्. खरंच आली नव्हती. "सायरबाई तुझी आई आहे का?" टच् — आणि माझ्याकडे बघितलं ते असं, की ही बाई मूर्ख आहे का.

चाळीसपैकी सदतीस. तीन चुकले, त्यात एक जहाज, पेटीतलं तेवढं एकच चित्र मी ठेवलं होतं.

९ मार्च

सर नवा कागद शिक्क्याला घेईनात. "टच्-टच् म्हणजे भाषा का हो बाई? उद्या म्हणाल कुत्रं शेपूट हलवतं ती कविता." शिपाई झुलाल दारात उभा, तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "सर, तुम्ही सभेत अध्यक्षांपुढे काय करता? मानच हलवता ना? तिच्याइतकी बरोबर तरी हलवता का?"

आता मेमो येईल. येऊ दे. कागद हाताने लिहिला, पाच पानं. खाली माझी सही. आधीचा अहवाल चुकीचा आहे, चूक मुलीची नसून तपासणाऱ्या शिक्षिकेची आहे, असं पहिल्याच ओळीत लिहिलं.

१४ मार्च, मंगळवार

रजा टाकून धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा, एस.टी.त उभं राहून. डॉक्टर दोन तासांनी भेटले. ऑपरेशन शनिवारी ठेवलंय. माझा कागद वाचला — पहिलं पान, बाकीची चाळली.

"आठ दिवसांपूर्वी तुमचीच सही, तिला काही कळत नाही. आज तुमचीच सही, सगळं कळतं. मी कोणत्या बाईंवर विश्वास ठेवू?"

तारीखही नीट वाचली नव्हती. आठ नव्हे, बावीस दिवस. पण प्रश्न बरोबर होता. म्हटलं, "माझ्यावर नका ठेवू. शनिवारी तिलाच विचारा."

"आणि पालक?"

"पालक सही करतील हो. पोट तिचं आहे."

त्यांनी डायरीत शनिवारचं पान काढलं. मग म्हणाले, नऊला या.

१५, १६ मार्च

दोन्ही दिवस बदामला एकच गोष्ट समजावली. कापडी बाहुली शिवली, पोटाला बटण, आत लाल चिंधी. पाळीचं कापड दाखवलं. चिंधी काढली की कापड नको. पण बटणाशी दुखेल, दवाखाना, सुई. बाहुली धरून आधी होय म्हणायला लावलं, मग नाही, मग उलट विचारलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून सांगत नाही ना, म्हणून भिंतीकडे तोंड करूनही विचारलं. तिचं उत्तर काय येतं ते इथे लिहीत नाही. शनिवारी येईल ते खरं.

१८ मार्च, शनिवार

डॉक्टरांच्या खोलीत सगळे. पुखराजशेठ, सायरबाई, आई घुंघटात, मी. बदाम सकाळपासून उपाशी, म्हणून चिडलेली. डॉक्टरांनी आधी मला बाहेर घालवलं. बरोबरच केलं. दार किलकिलं होतं, मी ऐकत होते. त्यांनी घड्याळ दाखवलं असावं, पेन दाखवलं असावं. टच्. टच्-टच्. टच्-टच्. टच्. मग मला आत बोलावलं आणि म्हणाले, तुमची ती बाहुली घ्या, पण प्रश्न मी विचारणार.

"ही चिंधी काढायची?"

टच्.

"राहू द्यायची?"

टच्-टच्.

फिरवून विचारलं. तेच. सायरबाईंनी विचारलं, त्यांच्या मारवाडी बोलीत, जरा दरडावून. तेच. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "मी हात लावणार नाही."

पुखराजशेठनी डॉक्टरांच्या टेबलावरचा माझा कागद उचलून दवाखान्याच्या बाकावर बसून पाचही पानं वाचली. सायरबाई बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "जिंकलात बाई. आता दर महिन्याला या आणि धुवा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या.

तरी परतीच्या एस.टी.त मी रडले ते आनंदानेच. जागाही मिळाली.

२७ मार्च

होळी झाली, सुट्ट्या संपल्या, बदाम शाळेत नाही.

३ एप्रिल

अजून नाही. सरांनी तिची जागा दुसऱ्या मुलाला द्यायची तयारी चालवलीय. मला मेमो मिळाला — वरिष्ठांशी उद्धट वर्तन. उत्तर लिहिलं नाही.

दुकानात गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. पुखराजशेठनी गादीवर बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "बाई, तेव्हा राग आला होता. पण तुम्ही म्हणता ते पटलं. माझी पोरगी दगड नाही. एकोणीस वर्षं मी तिच्याशी बोललोच नव्हतो, आता दुकानातून आलो की विचारतो — जेवलीस? कंटाळा आला? ती सांगते." मग म्हणाले, तो तुमचा दुसरा कागद टाइप करून शाळेच्या शिक्क्याने मिळेल का? हाताने लिहिलेल्याला कोणी मान देत नाही.

मी एवढी खूश झाले की कशाला, हे विचारलंही नाही.

६ एप्रिल

शेठ स्वतः ऑफिसात येऊन बसल्यावर सरांचा शिक्का बरोबर निघाला. एका फटक्यात, स्पष्ट उमटला. टच्-टच् आता भाषा झाली वाटतं! मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्या कागदाची कोणाला गरज पडली ती ही पहिलीच.

२० एप्रिल

बाकीची एकवीसही परत तपासते आहे. प्रत्येकाच्या घरी जाऊन आधी बघायचं, घरात कोण कोणाशी कसं बोलतं. सर म्हणतात भत्ता मिळणार नाही. मागितलाय कोणी? बदामसाठी वेगळा अभ्यास लिहून ठेवलाय. होय-नाहीच्या पुढे जायचं. जूनमध्ये आली की सुरुवात.

५ मे

पुखराजशेठ पत्रिका घेऊन आले. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदामचं लग्न. नवरा धरणगावचा, बेचाळीस वर्षांचा, बायको वारलेली, दोन मुलं. म्हणाले, "सासरची माणसं खूश आहेत बाई. सासऱ्यासमोर सुनेला याहून जास्त काय बोलायचं असतं?"

मी कसंबसं विचारलं, बदामला विचारलंत का?

"विचारलं की. पाहुण्यांसमोरच विचारलं. तिने ओढणी घेतली आणि दोनदा वाजवलं. त्यांना जरा शंका आली, मग तुमचा कागद काढून दाखवला — चाळीसपैकी सदतीस."